‘अनफिट’मधला ‘अन’

आत्ताच सांगते, उद्यावर टाकलं तर सांगवणार नाही.

मी लालबागच्या एका मिलच्या दवाखान्यात टायपिस्ट आहे. डॉक्टर कामगारांना तपासतात, मी सर्टिफिकेट टाइप करते. दिवसभर शब्द दोनच, फिट नाहीतर अनफिट. डिक्शनरीत फिट म्हणजे तंदुरुस्त, लायक. उलट शब्द अनफिट, आजारी, नालायक. आमच्याकडे वापर वेगळा. जो अनफिट होतो त्याच्या जागी त्याच्या मुलाला घेतात. म्हणून म्हातारे बाप स्वतःच अनफिट मागायला येतात, आणि डॉक्टर सहज देत नाहीत.

सावळारामकाका साच्यावर, म्हणजे मागावर. मूळचे मालवणचे. कापसाची धूळ छातीत बसलेली, बोलतानाही दम लागायचा. कितीदा आले असतील.

"सायबा, माझो झील मोठो झालो. तेका माझ्या साच्यार उभो रवांदे."

"अजून चालवशील रे. टाइप करा, फिट."

गेल्या महिन्यात डॉक्टर त्यांची छाती बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "अनफिट." मी खडाखडा टाइप केलं. काका इतके हसले की खोकलाच लागला. "बाय गो, साखर वाटतलंय मी."

त्याच संध्याकाळी त्यांचा मुलगा मोहन संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेला. गोळीबार झाला. मोहन जागीच गेला.

आज काका आले. सर्टिफिकेट माझ्यापुढे ठेवलं.

"बाय, ह्यातलो पुढचो 'अन' तेवढो खोड गो. घरात मिळवणारो आता मीच."

मी डॉक्टरांकडे बघितलं.

"सावळाराम, साच्यावर उभा राहिलास तर तिथेच पडशील. तुझी छाती ऐकलीय मी."

"इतके दिवस फिट म्हणान लिवलास, तेव्हा कोणाची ऐकलंस?"

डॉक्टरांनी परत नळी लावली, ऐकलं, मान हलवली. "नाही बदलता येणार."

काका उठले आणि दारातच दम घ्यायला थांबले. मी स्टूल पुढे केलं.

"रवांदे गो. आता बसाचाच आसा."

त्यांच्या साच्यावर सोमवारपासून दुसराच कोणी उभा राहील. उलट शब्द शाळेत पाठ करून घेतात. कुठला कधी पदरात पडेल, ते कोणी शिकवत नाही.

तुमच्या ऑफिसात झालंय असं कधी? माणूस ज्या शब्दासाठी खेटे घालत होता, तोच पुसून द्या म्हणून परत आलाय?