फुकटची चावी आणि कुवेतचा फोन

बोर्ली पंचतनच्या बाजारात लग्नाचे शूटिंग करणाऱ्याचे दुकान होते. बातम्यांचे फोटो पाठवायला मी तिथे जात असे. दुकानदाराचा कॅमेरा महागडा, खुर्ची फिरती, दरवाजा काचेचा. व्हिडिओ जोडायचे सॉफ्टवेअर मात्र फुकट हवे होते. ते विकत घेणारे त्याच्या मते भोळे होते.

एका दुपारी त्याने इंटरनेटवरून ते सॉफ्टवेअर चालू करणारी चोरटी चावी उतरवली. सोबत सूचना होती : आधी अँटिव्हायरस बंद करा.

"घरात शिरण्याआधी कुत्रा बांधायला सांगतोय, दादा," मी म्हणालो.

"तुम्हा पत्रकारांना सगळीकडे चोरच दिसतात," म्हणत त्याने अँटिव्हायरस बंद केला. मॉनिटरवर दसऱ्याचा वाळलेला हार होता. संरक्षण म्हणून तेवढाच उरला.

सॉफ्टवेअर उत्तम चालले. दुसऱ्या दिवशी एकही फाइल उघडेना. पडद्यावर खंडणीची इंग्रजी चिठ्ठी होती. जादा प्रतींची हार्डडिस्क कायम कॉम्प्युटरलाच जोडलेली असे, त्यामुळे तीही गेली. कॅमेऱ्याचे कार्ड त्याने पुढच्या हळदीसाठी पुसले होते.

गेलेल्या फायलींत जवळच्या मोहल्ल्यातला निकाह होता. नवरीचे वडील कुवेतला. रजा मिळाली नव्हती. त्या दिवशी मांडवात रेंजही नव्हती, म्हणून व्हिडिओ कॉल झाला नाही. नवरीची आई दुकानात आली.

"व्हायरस आला, चाची," वादळ आल्यासारखे तो म्हणाला.

"आला न्हाय, तू बोलावलास. आता तिच्या बापाला काय दाखवू? तुझी फिरती खुर्ची?"

मग त्याने पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या क्लिपा गोळा केल्या आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जोडल्या. मी त्या पाहिल्या. प्रत्येक क्लिपमध्ये मधोमध तोच, पाय फाकून, कॅमेरा खांद्यावर. मागच्यांचे "ओ, बाजूला व्हा" स्वच्छ ऐकू येत होते. नवरदेवाचे "कबूल" त्याच्या शर्टाआडून आले.

फिल्म कुवेतला गेली. वडिलांचा फोन आला तेव्हा आई दुकानातच होती. तिने स्पीकर लावला.

"निकाह पाहिला," ते म्हणाले. "जावई अंगाने जाड हाय, पण पाठ मजबूत दिसते. तोंड कधी दाखवताय?"

आईने फोन दुकानदाराच्या हातात दिला.