रजिस्टरातला चालक

चौदा वर्षं साहेबलोकांना या फाटकातून त्या फाटकात पोचवणाऱ्या माणसाच्या हाताला एक सवय जडते. रजिस्टर पुढे आलं, की 'कोण?' या रकान्यात हात आपसूक 'चालक' लिहून मोकळा होतो. आमच्या या ड्रायव्हरनं दवाखान्यातही तेच केलं. तान्ह्या बाळांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या मनाचं दुखणं बघणाऱ्या एक बाई तिथे होत्या. दर बुधवारी बायको आणि पाच महिन्यांची लेक त्यांच्याकडे आत जायच्या आणि हा बाहेरच्या बाकावर तासभर भिंतीकडे बघत बसायचा.

आपल्याला आत का बोलावत नाहीत, हे विचारायची त्याची छाती होईना. बाळंतपणापासून बायको घरात असून नसल्यासारखी होती. विचारलं तर तेवढ्यापुरतं बोलायची. लेक तर त्याच्याकडे बघायचीच नाही. उचललं, की मान फिरवून भोकाड पसरायची. बापाला लांब ठेवा, असं बाईंनीच सांगितलं असणार, हे त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं आणि तो आतून पार खचला.

सहाव्या बुधवारी बाईंनी बायकोला विचारलं, की मुलीच्या वडिलांना कधी सवड होणार? बायकोनं दाराकडे बोट दाखवलं. बाईंनी बाहेर येऊन रजिस्टर बघितलं आणि कपाळाला हात लावला. इतके दिवस त्या त्याला भाड्याच्या गाडीचा माणूस समजत होत्या. एकदा तर त्यांनी त्याला गाडी जरा पुढे घ्यायला सांगितलं होतं आणि या पठ्ठ्यानं ती निमूट घेतलीही होती.

आत सगळे सतरंजीवर बसले. बाईंनी लेक त्याच्याकडे दिली आणि व्हायचं तेच झालं. त्यानं घाईघाईनं तिला बायकोच्या मांडीवर सरकवलं. ती रडते तेव्हा तुमच्या मनात काय येतं, असं बाईंनी विचारलं.

तो म्हणाला, "मी नसलो तर पोरीचं बरं चालेल, असं वाटतं."

बायकोनं मान वर केली. कित्येक आठवड्यांत तिनं त्याच्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

"तुम्हालाही?" ती म्हणाली. "मला रोज वाटतं तसं. माझ्याबद्दल."

एका छपराखाली दोघं एकाच गोष्टीनं झुरत होते आणि एकमेकांना पत्ता नव्हता. त्याचे डोळे भरून आले. तास संपला, तरी लेक रडतच होती. दोघांपैकी कोणी उठलं नाही.