घेऊन जा गे मारबत
पळसाच्या ओल्या पानांचा वास आला की मला नागपुरातली आमची जुनी गल्ली आठवते. नवरा जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. गावातलं सगळं वाईट पोटात घेऊन मारबतीचा पुतळा जळायला निघाला होता आणि लोक दारात खोचलेल्या पळसाच्या फांद्या काढून गल्लीच्या टोकाला फेकत होते. सासूनेही आमच्या फांद्या उचलल्या. "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" ती ओरडली. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" मग त्याच सुरात, "पांढऱ्या पायाची घेऊन जा गे मारबत!" ती म्हणजे मीच. गल्लीतल्या बायकांनी नेहमीसारखी साथ दिली. मला काहीच वाटलं नाही. उंबऱ्यावर पडलेल्या एका पानावर मुंग्या चढत होत्या, त्या बघत राहिले. सासू परतली, हात धुतले आणि म्हणाली, "काहून उभी आहेस वं? भात थंडा होऊन राहिला." तिने मला वाढलं, वरणावर रोजच्यापेक्षा एक चमचा तूप जास्त घातलं, आणि मी जेवले. वाईट म्हटलं की लोकांना मारबतीचे बाहेर आलेले दात आठवतात. मला अजून तो तुपाचा चमचा दिसतो.