छतावरचा पडवळाचा मांडव

कॉन्रॅड तुस्कानोला ऊन पाहिजे होतं. बाकी काही नाही. तेवीस वर्षं त्याने वॉनच्या एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवली आणि त्या इमारतीला खिडकी म्हणून नव्हती. हिवाळ्यात अंधारात आत जायचं, अंधारात बाहेर पडायचं. मधल्या वेळात ऊन पडलं होतं की नाही, हे तो मोबाइलवर बघायचा. अशा माणसाने रिटायर झाल्यावर फ्लोरिडाची स्वप्नं पाहिली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. याने मात्र सस्कॅचवानच्या दक्षिणेला, टेकडीच्या पोटात बांधलेलं एक जुनं घर शोधून काढलं.

घर कसलं, गुहाच ती. आजूबाजूचे लोकही त्याला ‘केव्ह’च म्हणत. वॉल्टर नावाच्या शेतकऱ्याने पंचेचाळीस वर्षांपूर्वी ते स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. तीन बाजूंना टेकडी, छतावर माती आणि गवत, आणि दक्षिणेकडे खालपासून वरपर्यंत काचा. जानेवारीतसुद्धा ऊन त्या काचांतून थेट मागच्या भिंतीपर्यंत यायचं. वॉल्टर गेला, त्याची बायको डोरीन अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली, गावातल्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेली आणि तिने घर विकायला काढलं. मागच्या भिंतीवर पडलेल्या उन्हाचा फोटो कॉन्रॅडने इंटरनेटवर पाहिला आणि तो पार वेडावला.

एटोबिकोत राहणारी त्याची मुलगी डिम्पल म्हणाली, "डॅड, इट्स लिटरली अ होल इन अ हिल." बायको फ्लोरिन काहीच म्हणाली नाही, आणि कॉन्रॅड घाबरला तो त्यामुळे. एटोबिकोच्या चर्चमधल्या वसईकर बायकांत फ्लोरिनशिवाय पान हलत नसे. कोणाच्या पोराचा बाप्तिस्मा असो की कोणाच्या आईची पुण्यतिथी, आंबवलेल्या पिठाचे गोल फुगे तळायला फ्लोरिन हवीच. ते सगळं सोडून अडीच हजार किलोमीटर लांब, जिथे शेजारचं घर दुर्बिणीतून बघावं लागेल अशा जागी तिने जायचं होतं.

"मी येते," ती चार दिवसांनी म्हणाली. "पण थँक्सगिव्हिंगपर्यंत मला तिथे आपलं घर वाटलं नाय, तर परत यायचं. डिम्पल बेसमेंट रिकामं ठेवणार आहे. मग तू आर्ग्यू करायचं नाय."

कॉन्रॅडने शब्द दिला. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने. तेवढ्यात बायकोला गुहेत रमवायचं, नाहीतर पुन्हा बेसमेंटच्या बल्बखाली जाऊन बसायचं.

तो राबला मात्र जीव तोडून. नारिंगी कार्पेट उचकटलं तेव्हा खाली उंदरांनी थाटलेले तीन पिढ्यांचे संसार निघाले. भिंतींवरच्या काळपट फळ्या काढल्या, वॉशरूमला टाइल्स बसवल्या, किचनची कपाटं बदलली. मागच्या काँक्रीटच्या भिंतीला चुन्याचे दोन हात दिले, वसईतल्या भुईगावला त्याचा बाप नाताळच्या आधी द्यायचा तसे. त्या पांढऱ्या भिंतीवर ऊन पडलं की खोली अशी उजळायची की फ्लोरिन डोळे बारीक करून म्हणायची, "बरं दिसतं." तिच्या तोंडून ‘बरं’ म्हणजे पुष्कळ झालं. तरी संध्याकाळी ती एटोबिकोच्या चर्चमधल्या मैत्रिणीला, जॉर्जिनाला, फोन लावायची आणि तासभर ठेवायची नाही. घर सुधारत होतं, पण घरात येणारं-जाणारं कोणी नव्हतं.

किल्ली देताना डोरीनने एकच गोष्ट बजावली होती. "वरच्या मातीला हात लावू नका. गवत आहे तसंच राहू द्या." कॉन्रॅडने "येस, येस" केलं आणि विसरला. विसरला म्हणण्यापेक्षा त्याला ते पटलंच नाही. भुईगावच्या वाडीत, बावखलाच्या म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या पाण्यावर वाढलेला माणूस तो. हातभर जागा रिकामी दिसली की तिथे वेल चढवल्याशिवाय या लोकांना अन्न गोड लागत नाही. इथे तर डोक्यावर एवढी माती, दिवसाचे सोळा तास ऊन, आणि त्यात नुसतं गवत? त्याचे हात शिवशिवू लागले.

मेच्या अखेरीस त्याने गवत काढलं आणि वाफे केले. वाल लावले, मिरच्या लावल्या. काचेमागे वाढवलेली पडवळाची रोपं वर नेली आणि त्यांच्यासाठी मांडव घातला. तोही असातसा नाही. प्रेअरीच्या उघड्या माळावरच्या वाऱ्याने हलू नये म्हणून पहारीने भोकं पाडून बारा लोखंडी खुंट घणाने ठोकले, आणि सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी घातलं. ऑगस्टमध्ये छतावर हात-हातभर पडवळं लोंबू लागली. कॉन्रॅडने फोटो वसईच्या ग्रुपवर टाकले आणि दिवसभर अंगठे मोजत बसला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्लोरिन पलंगावरची चादर हातात घेऊन आली. चादर ओली होती. मागच्या भिंतीवर चुन्यातून तपकिरी ओघळ खाली उतरला होता. दोन दिवसांत छताच्या फटीतून थेंब पडू लागले आणि पलंग बाहेरच्या खोलीत आणावा लागला. फ्लोरिन रागावली नाही. तिने आपले स्वेटर घडी करून बॅगेत भरले. ओल लागू नये म्हणून, असं म्हणाली. कॉन्रॅडला ती बॅग बघवेना.

माणूस घाबरला की खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं शोधतो. त्याने डोरीनला फोन लावला आणि इंग्रजीत जमेल तितक्या कडक आवाजात सुनावलं, की तुमच्या नवऱ्याचं काम कच्चं होतं, घर गळतंय. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डोरीन म्हणाली, "मी सकाळी येते."

सकाळी आठला तिचा जुना पिकअप दारात थांबला. ती फावडं घेऊन उतरली ती घरात न येता बाजूच्या चढाने सरळ छतावर गेली. कॉन्रॅड मागोमाग. मांडवासमोर ती थांबली आणि एका लोंबणाऱ्या पडवळाकडे तिने निरखून पाहिलं. हे काय, असं विचारलं. स्नेक गोर्ड, तो म्हणाला. तिने मान हलवली, एक खुंट दोन्ही हातांनी हलवून हलवून सैल केला, उपटला आणि आपल्या पायाशी उभा धरला. ओल्या मातीची खूण तिच्या मांडीच्याही वर आली.

"पाणी अडवणारं रबर वॉल्टरने दोन फुटांवर अंथरलंय," ती म्हणाली. "घरावर छत्री धरावी तसं. वरचं पाणी त्यावरून बाजूला निघून जातं."

बारा खुंट, म्हणजे बारा भोकं, आणि त्यावर साडेतीन महिने दोन वेळचं पाणी. कॉन्रॅडने उपटलेल्या खुंटाच्या भोकात वाकून पाहिलं. गळती दुसऱ्या कोणाची नव्हती. बायकोचं घर त्याने स्वतः, घणाने, फोडलं होतं.

"मी तुमच्या नवऱ्याला नावं ठेवली," तो म्हणाला.

"ठेवलीत," डोरीन म्हणाली. "तो असता तर आधी पोटभर हसला असता. मग त्याने तुमच्या हातात फावडं दिलं असतं." आणि तिने आपलं फावडं त्याच्यापुढे धरलं.

पण हे दोन म्हाताऱ्यांचं काम नव्हतं. जमीन गोठायच्या आत सगळी माती उपसायची, रबर धुऊन भोकांवर ठिगळं चिकटवायची आणि माती परत लोटायची. डोरीनने गावात फोन फिरवले. शनिवारी सतरा माणसं आली, बायका-पुरुष, ज्याचं त्याचं फावडं घेऊन. कापणीचे दिवस होते. आदल्या दिवशी पाऊस शिंतडल्यामुळे शेतात यंत्र घालता येत नव्हतं, तेवढी एका दिवसाची उसंत त्यांना मिळाली होती, आणि ती त्यांनी एका अनोळखी माणसाच्या छतावर घालवली.

काम सुरू होण्याआधी कॉन्रॅड सगळ्यांसमोर उभा राहिला. डोरीनने बजावलं होतं, मी ऐकलं नाही, वर वॉल्टरवर ढकललं, असं त्याने सगळं सांगून टाकलं. सांगताना कान तापले होते. एक जाडजूड म्हातारा म्हणाला, "रस्त्यावरून जाताना आम्ही अख्खा ऑगस्ट विचार करत होतो, केव्हवर साप कोणी वाळत घातलेत." सगळे हसले, कॉन्रॅडही हसला. मग त्याने स्वतःच्या हाताने मांडव उतरवला.

दुपारी तो हात धुवायला खाली आला आणि दारातच थबकला. फ्लोरिनचे हात कोपरापर्यंत पिठात होते. सतरा माणसं येणार म्हटल्यावर तिने आदल्या संध्याकाळीच फुग्यांचं पीठ भिजवलं होतं. डोरीन कढईपाशी उभी होती आणि फ्लोरिन तिला दटावत होती, "नॉट लाइक दॅट, डोरीन. लेट इट कम अप बाय इटसेल्फ." हा आवाज कॉन्रॅडने एप्रिलपासून ऐकला नव्हता. आपल्याला मिळावं असं आपण या लोकांसाठी काही केलेलं नाही, आणि तरी हे मिळतंय, असं त्याला वाटलं. हात तसेच मळके ठेवून तो वर परतला आणि अंधार पडेपर्यंत माती लोटत राहिला.

सगळे गेल्यावर त्याने मागची भिंत हाताने चाचपून पाहिली. अजून ओलीच होती.

"फ्लोरिन, थँक्सगिव्हिंगपर्यंत ही सुकणार नाय," तो म्हणाला. "मी शब्द दिला होता. आर्ग्यू करत नाय. डिम्पलला सांग, आम्ही येतो."

फ्लोरिनने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मॉम, बेसमेंट इज रेडी," डिम्पल म्हणाली. "सो यू गाइज आर कमिंग?"

"बेसमेंट भाड्याने देऊन टाक."

"बट व्हॉट अबाउट द लीक?"

"लीक तुझ्या पप्पाने केला आणि गावाने बुजवला. एक माणूस त्याला वाकडं बोलला नाय. थँक्सगिव्हिंगला त्या सगळ्यांना मी जेवायला बोलावलंय. भिंत ओली तर ओली."

तिने फोन ठेवला. कॉन्रॅड बाहीने डोळे पुसू लागला.

"आता रडत बसू नको," फ्लोरिन म्हणाली. "आपल्याकडे चारच खुर्च्या आहेत. बाकीच्या कुठून आणतोस ते बघ."