लातूरच्या टपरीवर तीन गोल

शुभांगी फोनवर "बघू" म्हणाली आणि मी तडक नांदेडहून लातूरची एसटी पकडली. लग्नाचं विचारलं होतं, हवामानाचं न्हाई! "बघू" हे काय उत्तर झालं?

लातूरला जायचं तर सकाळची गाडी धरा. जूनमध्ये जागा मिळणं नशीब. गादीची वळकटी, पत्र्याची पेटी, आईबाप आणि मधोमध घाबरलेलं लेकरू, अशी अर्धी एसटी डॉक्टरकीच्या क्लासलाच निघालेली असते. लोह्यापुढं रस्ता दणके देतो, मागं बसू नका. अहमदपूरच्या स्टँडवर गरम भजी मिळतात.

शेजारच्या मावशींनी भज्यांचा कागद पुढं केला. "रिपीटर का रे बाळा?"

"न्हाई!" मी खेकसलो.

"आगं माय! माझा पुतण्या दुसऱ्यांदा बसून डॉक्टर झाला. त्यात चिडायचं काय?"

भजी मात्र मी चार खाल्ली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून, जर्नल टेबलावर आपटून कॉलेज सोडून आलो होतो, हे मावशींना कशाला सांगू?

शुभांगी एका क्लासमध्ये पोरांच्या शंका सोडवते. पुढच्या महिन्यात ती पुण्याला चालली, डार्क एनर्जी आणि डार्क रेडिएशनवर संशोधन करायला. क्लाससमोरच्या टपरीवर मी चिडूनच विचारलं, "जे दिसतच न्हाई त्याचं काय शोधणार तू?"

तिनं चहाचा ओला ग्लास टेबलावर टेकवून एक गोल उमटवला. तिचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसलेलं.

"आमच्या शाळेत हेच आधी शिकवायचे. भूकंप मोजणाऱ्या एका केंद्राच्या नोंदीवरून भूकंप किती लांब झाला एवढंच कळतं. म्हणजे ह्या गोलावर कुठंबी. दुसऱ्या केंद्राचा गोल काढला की दोनच जागा उरतात. तिसरा काढला की जागा पक्की." तीन ओले गोल एका ठिपक्यावर मिळाले. "विश्वाचंबी तसंच हाय. डार्क एनर्जी म्हणजे न दिसणारी ऊर्जा, ती आता विश्व पसरण्याचा वेग वाढवून राहिली. डार्क रेडिएशन म्हणजे न दिसणारे हलके कण. ते असले तर अगदी सुरुवातीच्या पसरण्यावर त्यांची छाप असणार. सगळ्यात जुना उजेड, फुटलेले तारे, आकाशगंगांची मांडणी, सगळ्यांच्या नोंदी एकावर एक ठेवायच्या."

"मग कळलं का ते काय हाय?"

"न्हाई. पण ते काय असू शकत न्हाई, हे कळत चाललंय."

"आणि आपलं?"

"तू तापट हायस, हा एक गोल. एका 'बघू'साठी चार तास दणके खात आलास, हा दुसरा." ती हसली. "दोन गोलांवर हो कशी म्हणू, दत्ता? अर्धवट टाकलेलं पुरं करतोस का, ते दिसू दे."

भांडायला तोंड उघडलं होतं. चहाच पिलो.

नांदेडला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी कॉलेजात गेलो. आधी सरांची माफी मागितली. मग खिडकीवर दुसऱ्या वर्षाचा फॉर्म दिला. क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "रिपीटर?"

"हाव," मी म्हणालो. "रिपीटर."

पावतीचा फोटो शुभांगीला पाठवला. लगेच उत्तर आलं: "बघू."

खाली चहाच्या ग्लासाचं चित्र होतं.