नोंद क्रमांक एक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. आमचं बौद्ध घर. देवघरच नाही, तिथे भुताला कुठली जागा... नवरा भिलाईच्या प्लांटमध्ये, मी रिटायर्ड बालवाडी शिक्षिका. तरी हे घडलं.

बारा वर्षं मी स्कूटरवर कुम्हारी ते रसमडा फिरले. ठेका मजुरांवर अन्याय झाला की त्यांचा जबाब लिहून घ्यायचा, हे आमच्या संस्थेचं काम. गेल्या वर्षी संस्थेनं भिलाईत विभागीय केंद्र काढलं — मानवाधिकारांचं प्रशिक्षण द्यायचं आणि सगळे जबाब नीट जपून ठेवायचे. सेक्टर सहाजवळ दोन खोल्या, लोखंडी कपाटं, कोरी नोंदवही. प्रमुख मीच होणार असं मी धरून चालले होते. खुर्ची मिळाली रागिणीला. वय सत्तावीस, एमएसडब्ल्यू, लॅपटॉप. मला ‘ज्येष्ठ सल्लागार’ केलं, म्हणजे सतरंज्या घालायच्या.

जळाले मी. खोटं कशाला बोलू? नवरा म्हणाला, “तू कावून जळून राहिली? काम तर होऊन राहिलं ना.” दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

आणि एक जबाब दाबून ठेवला. कुम्हारीच्या शेवंताबाईचा. तिचा मुलगा रसमड्याच्या एका कारखान्यात आगीत गेला होता. माझ्या बारा वर्षांतला सगळ्यात मोलाचा कागद तो. रागिणीच्या वहीत तो पहिला लागावा, हे मला बघवलं नसतं. साड्यांखाली ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. त्यानंतर महिन्याभरातच शेवंताबाई वारली. पुण्यानुमोदनाला मी स्वतः गेले होते.

दोन महिन्यांनी केंद्राचं पहिलं प्रशिक्षण झालं. भर दुपारी, वीसेक पोरं-पोरी बसलेल्या. रागिणीनं वही उघडून नोंद क्रमांक एक वाचायला घेतली. शेवंताबाईचाच जबाब. शब्द न् शब्द तोच, फक्त एक ओळ वेगळी. मी लिहिलं होतं, ‘गेट बंद होतं.’ इथे होतं, ‘गेटला बाहेरून कुलूप घातलं होतं.’

मी रागिणीला बाजूला घेऊन विचारलं, हा कुठून आणला?

“त्या आजी गेल्या मंगळवारी आल्या होत्या ना, काकू. म्हणे, ‘ताईनं लिवून नेलं, पण वाचून नाही दाखोलं. मले आयकाचं हाय.’ तुमचा कागद मला सापडला नाही, मग मी नवीनच लिहून घेतला. दोनदा वाचून दाखवला. चाय पिऊन गेल्या.”

जबाब वाचून दाखवायचा, मगच अंगठा घ्यायचा... हा नियम मीच सगळ्यांना शिकवलेला. त्या दिवशी स्कूटरवर परतताना अंधार होईल म्हणून घाईत अंगठा घेतला आणि निघून आले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नोंदीचा फोटो काढून घरी नेला, कपाटातला कागद शेजारी ठेवला. तोच अंगठा, मधोमध विळ्यानं कापल्याची तीच आडवी खूण. तिची बहीण आली असेल म्हणावं, तर ही खूण कुठून आली? रागिणीनं माझा कागद चोरला म्हणावं, तर किल्ली माझ्या कमरेला. आज सात महिने झाले, मला काही उलगडा झालेला नाही.

भीती वाटली नाही हो. हेवा वाटला. बारा वर्षं तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायले मी, आणि बाई आली कुणाकडे!

ती त्या मंगळवारच्या आधीच गेली होती, हे रागिणीला मी अजून सांगितलेलं नाही. पोरगी घाबरेल म्हणून नाही. कळलं तर तिचा मान आणखी वाढेल, म्हणून.