कुंकवाचं बोट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही — आणि जी मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन माझ्या घरी अडीच तास बसली, तिच्याजवळ तर नाहीच. तिला मी मोर्चे सांगितले, अश्रुधूर सांगितला, घोषणासुद्धा म्हणून दाखवल्या. चांगलं बोलतो मी. चळवळीच्या आठवणी जमवणाऱ्या तिच्या संग्रहात माझी मुलाखत आहे, माझी जुनी पत्रकं आहेत, फोटो आहे. फक्त हे नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती तेव्हा मी घोडपदेवला चाळीत राहत होतो. बाविशीचा. दिवसा कचेरीत कारकून, संध्याकाळी गिरणीकामगारांच्या वर्गाला शिकवायचो, म्हणून सगळ्या चाळीचा मास्तर. कुणाचंही पत्र आलं की माझ्या दारात येई. वाचून दाखवायचं, सांगतील ते उत्तर लिहायचं, लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवायचं आणि पाकीट बंद करायचं. लोक माझ्यावर विश्वास ठेवत. का ठेवत? — दुसरा इलाज काय होता त्यांना?

शेजारच्या खोलीत शिवराम आणि आनंदीवहिनी. मालवणकडची माणसं. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, आणि त्यांची दोन वर्षांची शालू. चाळीतून सत्याग्रहाला तिघं गेले, त्यांत शिवराम होता. निरोपाचा हार मी घातला, भाषण मी केलं. मी गेलो नाही. नोकरी होती ना.

आणखी एक सांगून टाकतो. समोरच्या चाळीतला एकजण तुरुंगातून माफी लिहून देऊन सुटला, तेव्हा त्याच्या दारावर बांगड्या टांगल्या गेल्या. टांगणाऱ्यांत मी होतो. आमच्या चाळीत असलं काही व्हायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

मग तुरुंगातून शिवरामचं पत्र आलं. वाकडंतिकडं अक्षर, स्वतःच लिहिलेलं. शालूचा ताप हटत नाही हे त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. माफीवर सही केली तर सोडतात, तू ये म्हणालीस तर करतो, नाहीतर शिक्षा भोगून येईन — एवढंच. मी ते वहिनींना वाचून दाखवलं. खरंखुरं, जसंच्या तसं. ते तरी.

वहिनी दारातच बसल्या होत्या, पोर मांडीवर. त्यांनी उत्तर सांगितलं. मी लिहीत होतो, पण ते नव्हे. त्यांचा एक शब्दही मी कागदावर घेतला नाही. मी लिहिलं — शालूचं देव बघून घेईल. मुंबई मिळाल्याशिवाय मागे फिरू नये. माफी लिहून आलात तर मी दार उघडणार नाही. मग कागद समोर धरून त्यांचे शब्द त्यांना परत म्हणून दाखवले. पाठ झाले होते. आजही आहेत.

वहिनींची एक सवय होती. सही येत नसे, म्हणून कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून ते पत्राच्या खालच्या कोपऱ्यात टेकवायच्या. पत्र आपलंच आहे हे नवऱ्याला कळावं म्हणून. त्या दिवशीही त्यांनी बोट टेकवलं. मी कागद पुढे धरला होता.

पंधरा दिवसांनी शालू गेली. इस्पितळात नेली तोवर फार उशीर झाला होता. तो आला असता तर वाचली असती का? हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं विचारलं. 'कुणास ठाऊक' या उत्तरावर बरं वाटायचं, म्हणूनच विचारत होतो. आता विचारत नाही.

शिवराम शिक्षा पुरी करून आला. गॅलरीत माझ्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तरांनू, माझ्या बायलेची छाती दगडाची आसा." मी मान हलवली. दोन खोल्यांच्या मध्ये फळ्यांची भिंत होती, खोकलासुद्धा ऐकू यायचा. आज ना उद्या ती दोघं एकमेकांना विचारतील आणि मग माझ्या दारावर थाप पडेल, म्हणून मी कान देऊन असायचो. त्यांनी विचारलंच नाही. त्या घरात शालूचं नाव निघत नसे. त्याला वाटायचं हिनं येऊ दिलं नाही, तिला वाटायचं बोलावून हा आला नाही. पुढे मुलगा झाला, त्याचं लग्न झालं, तरी ती दोघं बोलायची ती जेवणापुरती. मी पलीकडे राहत होतो. सणाला त्यांच्याकडून करंज्या यायच्या. मी खाल्ल्या.

शिवराम वारल्यावर त्याच्या मुलानं ट्रंक त्या संग्रहाला दिली. तळाशी ते पत्र होतं, जपून ठेवलेलं. म्हणून ती मुलगी आधी वहिनींकडे गेली, मग माझ्याकडे आली. गोंधळली होती. म्हणाली, "आजोबा, अक्षर तुमचं आहे ना? पण आजी टेपवर म्हणतात की त्यांनी नवऱ्याला घरी बोलावलं होतं. पत्र वाचून दाखवलं तर म्हणाल्या, ह्यां माझां न्हय. मग कोपऱ्यातला डाग बघितला आणि म्हणाल्या, बोट माझांच."

वहिनी तेव्हा हयात होत्या. चाळीच्या जागी आता इमारत होती, दोन जिने उतरलो असतो तर भेटल्या असत्या. कळतंय ना तुम्हाला? तेव्हाही वेळ गेली नव्हती. चळवळ संपली होती, माफीची लाज कुणाला उरली नव्हती, मला कुणी काही करणार नव्हतं. आणि मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं, विसरतात. त्यांनी सांगितलं ते मी शब्दन् शब्द लिहिलंय." चहा पुढे केला. तिनं ते टिपून घेतलं.

बिचारी सरळ मुलगी. परत जाऊन तिनं वहिनींना हे सांगितलं, आणि त्या काय म्हणाल्या तेही मला फोनवर कळवलं. "मास्तर सांगतत तर तसांच असतला." त्यानंतर वर्षभरात त्या गेल्या. मी खांदा दिला.

ते पत्र आता त्या संग्रहात काचेखाली ठेवलंय. मी पाहून आलो. खाली पाटी आहे — एका कामगार स्त्रीचा निर्धार. कोपऱ्यात बोटाचा डाग, तपकिरी झालेला. शेजारी लोक फोटो काढत होते. एका बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. मला काही वाटलं नाही. खरंच, काहीच नाही. मी चष्मा पुसला आणि बस पकडून घरी आलो.

वहिनींनी त्या दिवशी सांगितलं होतं ते असं —

"लिवा, पोर तापान फणफणता. रोज दाराकडे बघता. माफी लिवन देवा नि घराक येवा. लोक काय म्हणतले ता मी बघतंय."

हे मी लिहिलं नाही.